खुलासा : कार्बन फायबरच्या नळीबद्दल

फोंडा-डिचोलीच्या नेमबाजांच्या गटांत मेसेज फिरतोय : ‘कार्बन फायबरची रायफल नळी तापत नाही, झिजत नाही.’ मीही तो पुढे पाठवला होता, ती माझी चूक.

गोळी जाते आतल्या पोलादी नळीतूनच; कार्बनचे धागे राळेत भिजवून वर गुंडाळलेले असतात. नळीच्या तोंडाशी पोलादाचं कडं स्पष्ट दिसतं. म्हणजे झीज पोलादाचीच, आणि सलग बार काढले की ही नळीही तापते. फायदा वजनाचा, तो खरा : तेवढ्याच जाडीची पोलादी नळी बरीच जड. किंमत मात्र फार.

आपली मुलं १० मीटर एअर रायफल चालवतात. ती हवेच्या दाबावर चालते, तिथे बंदुकीची दारूच नाही, मग तापणार काय? नियमात ५.५ किलोपर्यंत वजन चालतं, आणि स्थिर नेमाला ते हवंच असतं. पालकांनो, कार्बनच्या नळीसाठी कर्ज काढू नका. मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.