डेबियनबाबत जाब कोणाला विचारायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. इंदूरच्या मराठी कुटुंबांना घरच्या संगणकावर डेबियन (विंडोजऐवजी वापरता येणारी, स्वयंसेवकांनी चालवलेली मोफत संगणक-प्रणाली) बसवायला सुचवणे बेजबाबदारपणाचे आहे, कारण त्यामागे कंपनी नसल्याने बिघाड झाल्यास जाब विचारायला कोणी नसते, शिवाय त्यातले सॉफ्टवेअर कायम जुने असते, असा आपला आक्षेप आहे. त्यातला जाब विचारण्याचा मुद्दा रास्त आहे.

परंतु कंपनी पाठीशी असली म्हणजे दिलेला शब्द पाळला जातोच असे नाही. रेड हॅट या कंपनीच्या पाठबळावरच्या सेंटओएस ८ या अशाच मोफत प्रणालीला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार होत्या. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ती मुदत २०२१ च्या अखेरीवर आणली आणि त्या भरवशावर यंत्रणा उभारलेल्यांना वर्षभरात दुसरी सोय पाहावी लागली. डेबियन १९९३ पासून चालू आहे, त्याचा प्रमुख दरवर्षी विकसकांच्या मतदानाने निवडला जातो आणि १९९७ सालच्या त्याच्या सामाजिक करारात अडचणी लपवणार नाही असे कलमच आहे. आपण ईमेलने कळवलेल्या दोषाला तेथे क्रमांक मिळतो आणि तो दुरुस्त होवो वा न होवो, कोणालाही वाचता येतो. अमुक दिवसात दुरुस्ती होईल अशी हमी मात्र नाही. पण ती घरगुती ग्राहकाला विंडोजबरोबर तरी कुठे मिळते?

जुनेपणाबद्दल एकच उदाहरण पुरे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकोचन-साधनात लपवलेला चोरदरवाजा उघडकीस आला, तो आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या अस्थिर (विकासासाठीच्या) आवृत्तीवर एसएसएच (दुसऱ्या संगणकावर दुरून काम करण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले म्हणून (गृहस्थ नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये, हे जाता जाता). स्वयंसेवकांच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊनच तो घुसवला गेला होता, हे आपल्या बाजूने मोजावे. पण डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुनेच एक्सझेड असल्याने तिला त्याची झळ लागली नाही.

खरी अडचण आपण लिहिलेली नाही, ती अशी की गावातला दुरुस्तीवाला डेबियन पाहिल्यावर बहुधा ते काढून विंडोज बसवण्याचाच सल्ला देईल. ज्यांच्या घरी टॅलीवर हिशेब चालतो, त्यांनी तर विंडोजच ठेवावे. इतरांनी डेबियनची लाइव्ह आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, प्रिंटर आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आधी तपासावा. त्यांपैकी काही अडले, तर बसवण्याच्या भानगडीत पडू नये.