आधी हिशेब, मग देव?

जय ख्रिस्त मंडळी. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सध्या आपल्याकडे मोबाइलवर फार उपदेश होतात. "देवाला पहिलं स्थान द्या" म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: सकाळी उठल्यावर आधी हात कुठे जातो, मोबाइलकडे की बायबलकडे? सगळे माना खाली घालतात. दुपारपर्यंत त्याच उपदेशाची लिंक मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडते. मोबाइल वेळ खातो, यात वाद नाही. पण तो फार सोयीचा आरोपी आहे. त्याला शिव्या घातल्या की बाकीच्या गोष्टींना हात लावावा लागत नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायातला येशूने सांगितलेला मेजवानीचा दाखला काढून बघा. जेवण तयार आहे, निरोप गेलाय आणि पाहुणे एकेक करून सबबी सांगतायत. एकाने शेत घेतलंय, ते बघायला जायचंय. दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, त्या पारखायच्यात. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. पहिले दोघे निदान माफी तरी मागतात, तिसरा सरळ येत नाही म्हणतो! यात पाप कुठलंच नाही. दारू नाही, जुगार नाही, मोबाइल तर नाहीच. प्लॉट, गाडी आणि लग्न. पुण्यातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय ख्रिस्ती घरातल्या गप्पा यापलीकडे जात असतील तर सांगा.

वाघोलीचा सॅम्पल फ्लॅट बघायचा तर रविवारी सकाळी. सोसायटीची मीटिंग रविवारी दहाला. नीटची टेस्ट सिरीज रविवारी. हिंजवडीला पोचायचं तर ट्रॅफिक धरून दीड तास आधी निघणारे आपण, आणि उपासनेला उशीर झाला की "नगर रोडला फार गर्दी होती हो, पास्टरसाहेब." ही सगळी चांगली माणसं आहेत. देवाला कुणी नाकारत नाही. फक्त बाकीचं एकदा मार्गी लागू दे, मग देवाचं बघू, एवढंच. फ्लॅटचा ताबा मिळू दे. मुलीची बारावी होऊ दे. मग मुलीचं इंजिनिअरिंग, मग लग्न, मग नातवंडं.

बायबलमधल्याच लेवीय पुस्तकाच्या 23व्या अध्यायात पहिल्या पेंढीचा नियम आहे. पीक कापायला लागलात की पहिली पेंढी याजकाकडे न्यायची, आणि ती अर्पण होईपर्यंत नव्या धान्याची भाकर खायची नाही, हुरडासुद्धा नाही. शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. बाकीचं पीक अजून रानात उभं आहे. गारपीट होऊ शकते, टोळ येऊ शकतात. खळ्यावर किती पोती पडणार हे त्याला माहीत नाही, आणि देवाचं आधी द्यायचंय. सगळं मोजून, कोठीत भरून, उरल्यातलं दिलं असतं तर कदाचित धान्य जास्त गेलं असतं. पण देवाने हिशेब लागायच्या आधीचं मागितलं. माझ्या मते "देव पहिला" याचा सगळा अर्थ इथे आहे. पहाटे चारला उठण्याशी त्याचा संबंध थोडा आहे, फार नाही.

आता आपला महिना बघा. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता आपोआप कापला जातो, मग शाळेची फी, किराणा, पेट्रोल. महिनाअखेरीला जे उरेल त्यातून चर्चच्या दानाचं पाकीट. आणि तरी आपल्यात वाद कसला, तर दशांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, हातात आलेल्या पगारावर द्यायचा की कापण्याआधीच्या! हाग्गय संदेष्टा भेटला असता तर हसला असता. इ.स.पू. 520 च्या सुमारास तो यरुशलेमच्या लोकांना हेच विचारत होता: देवाचं मंदिर ओसाड पडलंय आणि तुम्ही लाकडी तक्तपोशीच्या घरात कसे राहता? लोकांचं उत्तर ठरलेलं होतं, अजून वेळ आली नाही. बांधणार नाही असं कुणीच म्हणत नव्हतं.

इथे एक सावधगिरी. सारफथच्या विधवेची गोष्ट सांगून क्यूआर कोड पुढे करणारे प्रचारक वाढलेत. मडक्यात मूठभर पीठ उरलं असताना एलीया संदेष्टा तिला म्हणतो, आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकर कर. बरोबर आहे, पण एलीया ती भाकर घेऊन पसार झाला नाही. तो त्याच घरात राहिला आणि त्याच मडक्यातलं पीठ तिच्यासोबत खाल्लं. जो तुमच्या घरची भाकर खायला तयार नाही, त्याने ही गोष्ट सांगून तुमच्याकडे पैसे मागू नयेत.

हिशेबाआधी देणं म्हणजे काय, हे बघायला पुणेकरांना लांब जावं लागत नाही. सोलापूरच्या रेल्वेवर दौंडच्या अलीकडे केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी आपले आईवडील दुष्काळात गमावलेले. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या. एवढ्यांना ठेवायला पुरेशी जागा तरी कुठे होती? त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. पुढे हा सगळा संसार सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, ते अगदी शेवटपर्यंत. 1921 मध्ये लेक मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. "जरा निवांतपणा मिळाला की करू" म्हणायला त्यांच्याइतकं सबळ कारण कुणाकडे असेल?

आता जे बोलणार आहे त्यावर काहीजण रागावतील. देवाला मागे ढकलणाऱ्या गोष्टींत मंडळीचं कामसुद्धा येतं. डिसेंबर आठवा. कॉयरची प्रॅक्टिस, कॅरल राउंड, संडे स्कूलचं नाटक, केकची ऑर्डर, स्टेजचा मांडव, कोण कुणाच्या आधी गाणार यावरून रुसवेफुगवे. हार्वेस्टच्या, म्हणजे पिकाबद्दल आभार मानायच्या सणाच्या, दिवशी लिलावाचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा वर गेला का, याची चर्चा उपदेशापेक्षा जास्त. मंडळीच्या पंचायतीची, म्हणजे कारभार बघणाऱ्या समितीची, निवडणूक असेल तर विचारूच नका.

याच संदर्भात येशू घरी आला तेव्हा पाहुणचारात गुंतलेल्या बिचाऱ्या मार्थेला दरवर्षी व्यासपीठावरून झोडपतात. झोडपणारे बहुतेक पुरुष, आणि उपासना संपली की मागच्या हॉलमध्ये मार्थांनीच रांधलेली बिर्याणी खायला रांगेत पुढे. प्रभूने मार्थेला स्वयंपाक करू नकोस असं म्हटलं नव्हतं. तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस, असं म्हटलं होतं. योहानाच्या 12व्या अध्यायात तीच मार्था पुन्हा पंगतीला वाढताना दिसते आणि तिथे तिला कुणी काही बोलत नाही. काम तेच, दगदग गेलेली. यावर मी अजून एकही उपदेश ऐकलेला नाही.

म्हणूनच रविवारची हजेरी हे एकमेव माप धरायला माझा विरोध आहे. आपल्यात नर्सेस किती आहेत बघा. कुणी पीएमपीवर आहे, कुणी मॉलमध्ये, कुणी सिक्युरिटीत. रविवारी सुट्टी मागितली तर पगार कापला जातो, कधी नोकरीही जाते. नाइट ड्यूटीला निघताना बसस्टॉपवर डोळे मिटून उभी राहणारी बाई आणि पहिल्या बाकावर बसून मनात हप्त्यांची बेरीज करणारा मी किंवा तुम्ही, यात पहिलं स्थान कुणी दिलंय हे हजेरीपटावर दिसत नाही. उलट त्या बाईला "हल्ली दिसत नाही" असं टोमण्याने विचारणारे आपण.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. ज्या मंडळ्यांना जमेल त्यांनी आठवड्यात एखाद्या संध्याकाळी पूर्ण उपासना ठेवावी, प्रभूभोजनासकट (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याचा विधी). नुसती प्रार्थनासभा नको. खर्च म्हणाल तर लाइट, पंखे आणि पास्टरसाहेबांची एक संध्याकाळ. आमच्याकडे मी हा विषय लेखी देणार आहे. "आधी किती लोक येतील त्याचा अंदाज घेऊ" असं उत्तर येईल याची मला खात्री आहे. त्यांच्यासाठी लेवीय 23 ची झेरॉक्स सोबत जोडतेय.