एक नग कोळंबी

घरात 120 लिटरची काचेची टाकी आहे. तीत खारं पाणी आहे, दगड आहेत, पंप घुरघुरतोय आणि मासा एकही नाही. हे मुद्दाम आहे. एवढ्यावर विषय संपायला हवा, पण कोल्हापुरात तो संपत नाही.

समुद्री मासे सोडायच्या आधी टाकी 'सायकल' करून घ्यावी लागते. पाण्यात काहीतरी कुजतं, त्यातून अमोनिया सुटतो. एक जातीचे जिवाणू तो खाऊन नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे थोडंफार असलं तर माशाला चालतं. ही सगळी मंडळी दगडांवर आणि वाळूत मुक्कामाला यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कुजवायला एक कच्ची कोळंबी पुरते. म्हणून परवा मासळी बाजारात गेलो, तेही रविवारी, जेव्हा आमच्या गावात सगळे हिशोब किलोत होतात.

"मावशी, एक कोळंबी द्या."

"एक किलो?"

"एक नग."

मावशींनी कोयती खाली ठेवली. माझ्यामागच्या माणसानं फोनवर "थांब, मागनं करतो" म्हणून फोन कापला.

मांजराला, असं म्हणालो असतो तर मिटलं असतं. पण मी म्हणालो, "पाण्यात टाकून कुजवायची आहे."

मागचा माणूस पुढं आला. तालमीत चेपलेले कान, मान जवळपास नाहीच, हातात मटणाचा स्टीलचा डबा.

"कुजवायची? खायाची न्हाई?"

"नाही. मासे पाळायचेत."

"मासं कुठायत?"

"अजून आणले नाहीत."

"मग कोळंबी कुणाला?"

"जिवाणूंना."

त्यांनी माझी चप्पल पाहिली. मग शर्टाची कॉलर पाहिली. मग मावशींकडं वळून आवाज उतरवला, म्हणजे पलीकडच्या तीनच टोपल्यांपर्यंत जाईल इतका. "पावण्यास्नी अर्धा किलो घाला. पैसं माझ्याकडनं."

"अहो, तसं काही नाही..."

"असूंद्या ओ. परत्येकावर येळ येत्या. लाजायचं न्हाई."

मी पाचशेची नोट काढली. त्यांनी ती माझ्याच खिशात परत कोंबली आणि वर दोनदा थोपटली. खिसा छातीवर असतो, हे त्या थोपटण्यानंतर बराच वेळ लक्षात राहिलं.

"कुजवायचीच हाय तर कालची एक टाकू का वर?" मावशींनी विचारलं. अख्ख्या बाजारात शास्त्राला धरून आलेला हा एकच प्रश्न.

माझ्या पगाराची स्लिप दाखवावी असं फार वाटलं. कोल्हापूरकर मदतीला धावतो हे खरंच, पण तो धावत आला की बाजूला व्हायला जागा ठेवत नाही. घरी आईचं वेगळंच. लिटरला 35 ग्रॅमप्रमाणे चार किलोच्या वर मीठ पाण्यात गेलेलं तिनं पाहिलंय. ते साधं मीठ नव्हे, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, हे सांगितल्यावर "म्हणजे महाग?" एवढंच तिनं विचारलं.

आणि ज्याला खुळा म्हणायला हवं त्याला कोणी म्हणत नाही. गावातला एक दुकानदार टाकी, पाणी, मासे सगळं एकाच संध्याकाळी पोराच्या हातात देतो. "आजच सोडा, काय हुत न्हाई." चार दिवसांनी मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. त्यानं स्वतःच सोडलेला अमोनिया त्याचे कल्ले जाळत असतो. मेला की "पाणी बाधलं" म्हणायचं आणि नवा मासा दहा रुपये कमी करून द्यायचा. पोरगं रडतं, बाप पैसे देतो. तिथं कुणाला कणव येत नाही. कणव यायची ती माझी, माझ्या कॉलरची.

काल रात्री टेस्ट किटचे थेंब टाकले. पिवळं पाणी हिरवं झालं, म्हणजे अमोनिया आला. ट्यूबलाइटखाली नळी धरून बायकोला हाक मारली. ती आली, नळीकडं पाहिलं, नाकाला पदर लावला.

"फ्रीजमधल्या राहिलेल्या कोळंबीचा रस्सा करू, का तीपण जिवाणूंना?"

रस्सा कर म्हणालो. फुकटचा होता, आणि चांगला झाला होता, याचा जास्त राग आला.