काकांचा कौल

जुनी गाडी घेताना दोन गाड्या ताडून पाहाव्यात, असे सगळेच सांगतात. त्या भानगडीत घेणाऱ्याचीही तपासणी होते, हे मात्र कोणी सांगत नाही. निपाणीची २०११ ची सँट्रो देखणी होती, परंतु रुमालात गुंडाळून नेलेले लोहचुंबक तिच्या डाव्या दाराला चिकटेना, म्हणजे पत्र्याचा पोचा झाकायला आत लांबी (पुट्टी) भरलेली, आणि थंड इंजिनाची कुरकुर कळू नये म्हणून मी पोहोचण्यापूर्वीच मालकांनी ते तापवून ठेवलेले.

बेळगावातल्या टिळकवाडीची २०१२ ची वॅगन-आर पाहायला गेलो, तेव्हा मालक चावी आणायला आत गेले आणि शेजारच्या कट्ट्यावरून बनियन-लुंगीतले एक काका शेंगा सोलत माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले.

"काय बघायलाय वो?"

टायरवरचे १४१८ हे आकडे म्हणजे २०१८ सालचा चौदावा आठवडा, असे मी गुडघ्यावर बसूनच सौजन्याने समजावले.

"टायरची पत्रिका बघायलाय होय? गाडी चालवायला येते न्हवं? मग जरा रिव्हर्स घेऊन दावा की."

गाडीची परीक्षा घ्यायला आलेला मी, दोन स्कूटर आणि एका तुळशीवृंदावनामधून, गल्लीतल्या पोरांच्या देखत, काकांच्या "राइट, अजून राइट, बास की वो!" या आरोळ्यांवर गाडी मागे घेत होतो. क्लच घट्ट होता, त्यामुळे गाडीने एक आचका दिला, एवढेच. काका मालकांकडे वळून, मला स्पष्ट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "ह्यांना देऊ नको रे. क्लच खाणार हे."

वास्तविक सँट्रोच घ्यावी, असे त्या क्षणी वाटले होते. परंतु तिचे पासिंग एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरचे ना-हरकत प्रमाणपत्र आणायचे, कर्नाटकाचा आजीवन कर नव्याने भरायचा आणि महाराष्ट्रात आधी भरलेल्या कराच्या परताव्यासाठी खेटे घालायचे. १९५६ पासून लोंबकळणाऱ्या सीमाप्रश्नाचा भुर्दंड एका सँट्रोने का सोसावा आणि तोही माझ्या खिशातून, हे मला अद्याप कळलेले नाही. केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंगच्या वॅगन-आरला निदान हा जाच नाही. नोंदणीची १५ वर्षे भरली की फिटनेस करून घ्यावे लागेल, एवढेच.

म्हणून मन घट्ट करून रात्री वॅगन-आरच्या मालकांना फोन केला, घासाघीस न करता त्यांचा भाव मान्य केला. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही.

"काकांना विचारून सांगतो," ते म्हणाले.