शेवटची फेक कोणाच्या हाती द्यावी: काही खात्रीशीर सूचना

नऊ सेकंद बाकी, आपला संघ एका गुणाने मागे, कोचने टाइमआउट घेतलेला. एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची फायनल आपल्याकडे बहुधा सकाळी सहाला सुरू होते, म्हणजे हा प्रसंग नेमका ऑफिसला निघायच्या वेळी येतो. निर्णय झटपट हवा. आकडे चाळत बसू नका, जर्सी कोणाची जास्त खपते तेवढं बघा.

ज्याची खपते, चेंडू त्याला. बाकी चौघांनी कोपरे धरून प्रेक्षकांत सामील व्हायचं. स्क्रीन लावायला, म्हणजे डिफेंडरची वाट अडवायला, कोणीही पुढे येऊ नये. उगाच समोरचा सर्वात कच्चा डिफेंडर आपल्या माणसासमोर यायचा आणि काम सोपं व्हायचं. हिरोने जागच्या जागी चेंडू आपटत राहावं. तेवढ्यात दुसरा डिफेंडर मदतीला पोचतो. मग दोघांच्या हातांवरून, मागे झुकत, एकच सेकंद उरला असताना फेकावं. काही अरसिक कोच सहा-सात सेकंद असतानाच हल्ला सुरू करायला लावतात; म्हणे, चुकली तर रिबाउंड (परत उसळलेला चेंडू) घेऊन दुसरी फेक टाकता येते. २०१३च्या फायनलचा, म्हणजे जास्तीत जास्त सात सामन्यांच्या मालिकेचा, सहावा सामना घ्या. मायामी तीन गुणांनी मागे. लेब्रॉन जेम्सची थ्री (तीन गुणांची लांबची फेक) चुकली, बॉशने रिबाउंड घेतला, रे ॲलन उलट्या पावलांनी कोपऱ्यात सरकला आणि ५.२ सेकंद बाकी असताना ९५-९५. पुढे मायामीने ओव्हरटाइम जिंकला, सातवा सामना आणि विजेतेपदही. पण हिरो चुकल्यावरही घड्याळ चालू राहणं हे त्याच्या इतमामाला शोभतं का?

आता स्मरणशक्तीचं व्यवस्थापन. आत गेलेली प्रत्येक फेक लक्षात ठेवा, चुकलेली त्याच रात्री विसरा. एनबीएच्या हिशेबात ‘क्लच’ म्हणजे शेवटची पाच मिनिटं किंवा ओव्हरटाइम, आणि फरक पाच गुणांच्या आत. त्यात टर्नओव्हर (हातचा चेंडू गमावणं), फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारी मोकळी फेक), रिबाउंड असलं कंटाळवाणं सगळं येतं. आपण फक्त शेवटची फेक मोजू. अशा फेका एका खेळाडूला हंगामात बोटांवर मोजण्याइतक्याच मिळतात, त्यामुळे दोन पडल्या की देव, दोन हुकल्या की भित्रा. मधल्या छटांची कटकट नाही. २०१०च्या फायनलच्या सातव्या सामन्यात कोबी ब्रायंटच्या २४ पैकी ६ फेका पडल्या आणि शेवटच्या मिनिटाच्या तोंडावरची मोठी थ्री त्याचा सहकारी रॉन आर्टेस्टची होती. कोबीचे १५ रिबाउंड त्या ८३-७९ च्या विजयात किती कामी आले, हे मात्र कोणाला सांगू नका. त्याचा व्हिडिओ बनत नाही.

आपण पुढे असलो तर निवड आणखी सोपी. समोरचे घड्याळ थांबवायला लगेच फाउल करणार हे पक्कं असतं, तेव्हा साइडलाइनवरून चेंडू ज्याचे दंड सर्वात जाड त्याला द्या. शकील ओनीलची कारकिर्दीतली फ्री थ्रोची टक्केवारी ५२.७, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच, रंगत टिकते. ९० टक्केवाला चेंडू घ्यायला आला तर मजाच संपते. तसा चांगला माणूसही कधीकधी मदत करतो: १९९५च्या फायनलच्या पहिल्या सामन्यात ऑर्लँडो तीन गुणांनी पुढे असताना निक अँडरसनने ओळीने चार फ्री थ्रो चुकवले, केनी स्मिथने थ्री टाकून बरोबरी केली, ह्यूस्टन जिंकलं.

स्कोअर किती, टाइमआउट किती उरलेत, असले प्रश्न विचारून खेळाडूची एकाग्रता भंग करू नये. १९९३च्या कॉलेज फायनलमध्ये मिशिगनच्या क्रिस वेबरने शिल्लकच नसलेला टाइमआउट मागितला. २०१८च्या फायनलमध्ये १०७-१०७ असताना जे. आर. स्मिथने रिबाउंड घेतला आणि चेंडू बास्केटपासून दूर नेला. दोघांचेही संघ हरले, पण दोघे आजही आठवणीत आहेत.

सर्वात मोठा धोका पासचा. समोरच्यांनी दोघे एकावर लावले की कोणीतरी मोकळा असतोच, आणि हे साधं गणित मायकेल जॉर्डनलाही मोहात पाडत असे. १९९३च्या एनबीए फायनलच्या सहाव्या सामन्यात चौथ्या क्वार्टरमधले शिकागोचे तोवरचे सगळे गुण जॉर्डनचे, तरी शेवटी चेंडू जॉर्डन, पिपेन, ग्रँट असा फिरत मोकळ्या जॉन पॅक्सनकडे गेला आणि ९९-९८. १९९७ला यूटाविरुद्ध ८६-८६ असताना स्टॉकटन मदतीला धावला, जॉर्डनने स्टीव्ह कर या सहकाऱ्याला पास दिला आणि त्याची फेक पडली. करची कारकिर्दीतली थ्रीची टक्केवारी ४५.४! असल्या माणसाला मोकळं सोडण्याचा अपराध यूटाचा, पण पासला तुम्ही हिंमत म्हणू नका.

शेवटी मतं विचारायचीच तर खेळाडूंना विचारा. २०२५च्या एका निनावी मतचाचणीत एनबीएच्या खेळाडूंनीच टायरीज हॅलिबर्टनला सर्वात ओव्हररेटेड ठरवलं. त्यानंतरच्या प्लेऑफच्या चारही फेऱ्यांत त्याने अखेरच्या सेकंदांत जिंकून देणारी किंवा बरोबरी साधणारी फेक टाकली. फायनलच्या पहिल्या सामन्यात ओक्लाहोमा सिटीत ०.३ सेकंद बाकी असताना, १११-११०, त्याच्या इंडियाना संघाची त्या रात्रीची पहिलीच आघाडी.

तेव्हा फेक सुटण्याआधीच दोन मेसेज टाइप करून ठेवा: ‘मी म्हणत होतो ना’ आणि ‘याच्यात दमच नाही’. बरोबरी झाली तर एकही पाठवू नका, ओव्हरटाइम पाच मिनिटांचा असतो.