‘किती देते?’ विचारणाऱ्या समस्त भाऊजींना

आज एका साखरपुड्याच्या पंगतीत पुन्हा तेच. जिलबी वाढून होते ना होते तोच ह्यांच्या आतेभावाने विचारलं, “काय रे, तुमची नवीन गाडी लिटरला किती देते?” विचारलं ह्यांना. गाडी मी चालवते, हप्ता माझ्या पगारातून जातो, टाकी मी भरते, पण प्रश्न ह्यांना. हे नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “बारा.” भाऊजींचा घास हातातच राहिला. “बारा? वहिनी, पांढरा हत्ती पाळलाय तुम्ही!” आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले, कारण पंगतीत भांडता येत नाही. इथे येतं.

पहिलं म्हणजे माझे बारा खरे आहेत. गेल्या गणपतीत आम्ही सात जण लांज्याजवळच्या आमच्या वाडीला गेलो. पुढे आम्ही दोघं, मध्ये सासूबाई, ह्यांच्या आत्या (म्हणजे ह्याच भाऊजींच्या आई) आणि जाऊबाई, मागे माझी लेक आणि पुतण्या. टपावर कॅरियर, कॅरियरवर बॅगा, पोरांच्या पायांत मखराचं सामान. एसी पूर्ण वेळ चालू. निघताना पुण्यात पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल केली, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल केली. येऊन-जाऊन साडेसहाशे किलोमीटर, डिझेल साडेचोपन्न लिटर. करा भागाकार. समोरचा स्क्रीन तेव्हा १३.८ दाखवत होता. भाऊजी जो ‘सोळा’ आकडा सांगत फिरतात ना, तो स्क्रीनवरचा आहे. टाकी त्यांनी आयुष्यात कधी फुल केलेली नाही, दोन हजारांचं टाकतात.

आणि ब्रोशरमधला आकडा! आपण पुण्यात राहतो, निम्मं कोथरूड सकाळी गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय संस्थेच्या टेकडीवर चालायला जातं, पण तो आकडा निघतो कसा हे कुणाला विचारायचं नसतं. गाडी बंद खोलीत रोलरवर उभी, एसी बंद, ठरवून दिलेल्या वेगाने पळवायची, ९० च्या वर जायचंच नाही. ना नवले पुलाचा ट्रॅफिक, ना टपावर कॅरियर, ना “जरा एसी वाढव गं” म्हणणाऱ्या जाऊबाई. गाड्यांची आपसात तुलना करायला तो आकडा ठीक आहे, हे मान्य. घरखर्चाला त्याचा काही उपयोग नाही.

आता खरी गोष्ट. त्या गणपतीच्या फेरीला डिझेल नव्वद-एक्याण्णव धरून पाच हजारांच्या आत लागलं. सात जणांत प्रत्येकी सातशे रुपये, पुणे ते वाडीच्या अंगणापर्यंत आणि परत, तेही सामानासकट. भाऊजीही सात आसनांचीच गाडी घेऊन रोज हिंजवडीला एकटे जातात. लिटरला सोळा देते म्हणतात, देऊ दे बापडी. एक माणूस सोळा किलोमीटर. आमचे सात जण बारा किलोमीटर. हत्ती कुणी पाळलाय?

हो, एसटी आहे. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट, म्हणजे आमच्या घरापुरता हिशोब केला तर एसटी जिंकते. मान्य. पण सासूबाईंचे गुडघे एसटीची पहिली पायरी चढत नाहीत, आणि लांज्याच्या स्टँडवरून पुढे वाडीपर्यंत मखर कोण नेणार?

बरं, डिझेल हा खर्च मुळात दुसऱ्या नंबरचा आहे, हे कुणी बोलतच नाही. माझी गाडी रस्त्यावर आली तेव्हा पंचवीस लाख झाले होते. दहा वर्षांनी आठ लाखांना जाईल असं धरू. सतरा लाख उडाले. वर्षाला एक लाख सत्तर हजार, म्हणजे महिन्याला चौदा हजारांचा घसारा, गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी असली तरी. आता डिझेल बघा. वर्षाला दहा हजार किलोमीटर, बाराचा अ‍ॅव्हरेज, पंचाहत्तर हजार रुपये. तीच गाडी पंधरा देऊ लागली तर साठ हजार. वाचले किती? महिन्याला साडेबाराशे! एवढ्यासाठी माणसं घाटात एसी बंद करून बायकापोरांना घामाघूम करतात. (नाव घेत नाही. ह्यांनी समजून घ्यावं.)

विम्याचं कोणी विचारत नाही. इंजिन पंधराशे सीसीच्या वर गेलं की नुसता थर्ड पार्टीच (समोरच्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा) वर्षाला ७,८९७ रुपये, हजार ते पंधराशेच्या गाडीला ३,४१६. टायर अठरा इंची, चार बदलायचे म्हणजे एका चांगल्या स्कूटरच्या जवळ जाणारा खर्च. आरटीओचा टॅक्स आपल्या महाराष्ट्रात डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. जीएसटीचं तर विचारूच नका. आम्ही घेतली तेव्हा २८ टक्के अधिक २२ टक्के सेस होता, आणि आम्ही घेतल्यावर, २२ सप्टेंबर २०२५ पासून, सगळं मिळून ४० झाला. ह्यावर मी जास्त लिहिणार नाही, बीपी वाढतं.

डिझेलच्या नावानेही मी आरती ओवाळत नाहीये. शाळा, भाजी, क्लास अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ही गाडी नऊसुद्धा देत नाही. वर सायलेन्सरच्या वाटेवर तो डीपीएफ असतो, काजळी अडवणारा फिल्टर. इंजिन पुरेसं तापलंच नाही तर ती काजळी जळत नाही, साठत जाते आणि एक दिवस पिवळा दिवा लागतो. वर्कशॉपवाल्याने आधी मोठं बिल सांगितलं. मग तिथल्याच एका जुन्या मेकॅनिकने हळूच सांगितलं, “मॅडम, हायवेला एका लयीत फिरवून आणा.” खेड शिवापूरच्या पुढे जाऊन आले, दिवा गेला. डिझेलची काजळी जाळायला आणखी डिझेल जाळलं! म्हणून रोजचं शहरातलं फिरणं असेल तर डिझेल घेऊ नका, कितीही देत असली तरी.

पेट्रोलवाल्यांनी फार हसू नये. तुमच्या टाकीत आता वीस टक्के इथेनॉल आहे, आणि लिटरमागे त्याच्यात पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी ताकद असते. ऊस आपल्या कोल्हापूर-सांगलीचा म्हणून आपण गप्प बसतो, एवढंच.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. भाऊजींनी गाडी घेतली तेव्हा आत्या आणि मामांसाठीच घेतली होती, हे मला माहीत आहे. “सगळे एकत्र जाऊ” असं तेव्हा तेही म्हणाले होते. पण मधली सीट पाडून मागच्या रांगेत शिरणं म्हणजे कसरत, आणि तिथे बसलं की गुडघे हनुवटीला. वयस्कर माणसांना ती रांग नाहीच. गणपतीत आमच्या जाऊबाई हौसेने मागे गेल्या होत्या, आंब्याचा घाट सुरू व्हायच्या आधीच मलकापुरात पोरांशी जागा बदलून मध्ये आल्या. मागे पोरंच बसू शकतात. म्हणजे पोरं लहान आहेत तोवरच ह्या गाडीचा हिशोब बसतो. माझा पुतण्या वर्षभरात माझ्या खांद्याच्या वर गेलाय, हे मला दिसतंय.

पण तरीही! आत्यांना मागे बसता येत नाही, ठीक. मग त्यांना मध्ये बसवा. गणपतीला त्या कुणाच्या गाडीतून येतात? आमच्या. भाऊजींची मागची रांग घेतल्या दिवसापासून मिटलेली आहे, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. एवढं मोठं धूड एका माणसासाठी रोज हिंजवडीला ओढायचं आणि हसायचं आम्हाला. ह्या वर्षीही आत्या आमच्याबरोबरच येणार आहेत, त्यांचा फोन झालाय.

आता कमेंटमध्ये कोणीतरी येऊन सांगेल की इलेक्ट्रिक घ्या, किलोमीटरला रुपया-दीड रुपया पडतो. घरी चार्जिंग असेल तर पडतोही तेवढाच, खोटं नाही. पण आमच्या वाडीत आरतीच्या वेळी दिव्यांच्या माळा लागल्या की पंखा मंद होतो. तिथे मी गाडी चार्जिंगला लावली तर गावकरी मला घरात घेणार नाहीत. वाडीचा ट्रान्सफॉर्मर बदलला की सांगा, त्याच दिवशी शोरूमला जाते. सोसायटीत पार्किंगला चार्जिंग पॉइंट मागितलाय, त्यावर सेक्रेटरींनी मीटिंग घेऊ म्हटलंय.