‘प्रत्येकी दोन घ्या’ असे लिहिले होते

हॅलोविनच्या संध्याकाळी दाराबाहेर चॉकलेटांचे भांडे ठेवून त्यावर ‘कृपया प्रत्येकी दोन घ्या’ असे ठळक अक्षरांत लिहिले, तर त्या चार शब्दांचा अर्थ लावण्यासाठी नेमकी कोणती पदवी लागते, हे न्यू जर्सीत चौदा वर्षे काढूनही मला उमगलेले नाही.

या सणाशी माझे वैर नाही. मी कोकणातली आहे. शिमग्यात संकासुर आणि गोमू अंगणात येऊन नाचत आणि मग आजी त्यांच्या हातावर पोस्त ठेवी, हे पाहत मी वाढले. त्यामुळे सोंग घेऊन दारोदार फिरणे आणि काहीतरी मागून नेणे मला इथे आल्यावर मुळीच परके वाटले नाही. फरक एवढाच, की संकासुर घाम गाळल्याशिवाय पोस्त मागत नसे. इथे मिसरूड फुटलेली मुले शाळेतल्याच कपड्यांत, सोंग तर सोडाच, तोंडाने ‘ट्रिक ऑर ट्रीट’ एवढेही न म्हणता पिशवी पुढे करतात, आणि एकीने तर मंडईत वांगी निवडावीत तशी माझ्या भांड्यातली चॉकलेटे खालीवर करून ‘मोठ्या आकाराची नाहीत का?’ असे मलाच विचारले. कोकोचे भाव २०२४ मध्ये कुठल्या कुठे गेले होते, हे त्या बालिकेला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण फुटपाथवर मोबाइलमध्ये डोके घालून उभ्या असलेल्या तिच्या आईला निदान ‘थँक्यू म्हण’ असे सांगायला हरकत नव्हती.

एरवी मी स्वतः दारात उभी राहून एकेकाच्या हातात चॉकलेट देते, पण २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच दिवाळीची अमावास्या आली आणि आमच्याकडे लक्ष्मीपूजन त्याच संध्याकाळी होते. पोर्चचा दिवा लावलेला असेल तर मुलांनी यावे आणि नसेल तर पुढे जावे, असा इथला साधा संकेत आहे. आकाशकंदील आणि पणत्यांनी उजळलेले दार मुलांसाठी तेवढे बंद ठेवायचे, हे मला पटेना, म्हणून दोन भांडी पायरीवर ठेवून मी पूजेला बसले. एकात किटकॅट, स्निकर्स आणि रीसेस होते. दुसऱ्यात पेन्सिली, स्टिकर आणि उड्या मारणारे रबरी चेंडू होते आणि त्याच्याशेजारी हिरवट निळ्या रंगाने रंगवलेला भोपळा होता. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी या घरी खाण्याखेरीज दुसरे काही मिळेल, अशी त्या रंगाची खूण आहे.

आरती आटोपून बाहेर आले, तेव्हा दोन्ही भांड्यांचा तळ दिसत होता. घड्याळात पावणेसात वाजले होते.

कुणा टोळक्याचे काम असावे अशा समजुतीने मी दारावरच्या कॅमेऱ्यातले चित्रण पाहिले, आणि जे दिसले ते आठवले की आजही माझे डोके फिरते. चांगला चाळिशीचा, दाढी राखलेला एक बाप पायरी चढला, त्याने ती सूचना वाकून वाचली (होय, वाचली, त्याची मान डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसते), आणि मग डायनासोर झालेल्या आपल्या लेकाला उशीचा अभ्रा उघडून धरायला सांगून पहिले भांडे त्यात उपडे केले. पोरगा काहीतरी म्हणाला. बापाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुसरे भांडेही उपडे केले. दीडशे चॉकलेटे एका पोराने खायची म्हटली तर होळी येईल! आणि त्या गृहस्थाला तीस पेन्सिलींचे काय करायचे होते?

सँडी वादळाने २०१२ साली हे राज्य झोडपून काढले, तेव्हा गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी रीतसर आदेश काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरला ढकलला होता. मुलांची एक संध्याकाळ बुडू नये म्हणून जिथे सरकार एवढी तसदी घेते, तिथे एका धडधाकट बापाला शेजारच्या मुलांसाठी चार चॉकलेटे मागे ठेवण्याचीही तसदी घ्यावीशी वाटली नाही.

सातच्या सुमारास पुन्हा घंटा वाजली. दारात पिवळ्याकाळ्या पट्ट्यांची, चार-पाच वर्षांची मधमाशी उभी होती, आणि ‘तुमचा भोपळा लांबूनच दिसला, हिला शेंगदाणे चालत नाहीत’, असे तिची आई हसून म्हणाली. देवापुढचे बत्तासे चालतील का, असे मी विचारले. ते कशाचे असतात हे समजावून सांगितल्यावरही त्या माउलीने नम्रपणे नकार दिला, आणि तिचे काहीही चुकले नाही. शेवटी मुलाच्या कंपासपेटीतले एक वापरलेले खोडरबर मी त्या मधमाशीच्या हातावर ठेवले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि न सांगता ‘थँक्यू’ म्हटले.

यंदा भांडी घरातच राहतील आणि पाच ते आठ मी दारात खुर्ची टाकून बसणार आहे. डायनासोरला दोन चॉकलेटे मिळतील. त्याच्या बापाला ती सूचना माझ्यासमोर मोठ्याने वाचावी लागेल.